दाराआडची बाई

वालूरला आमचं किराण्याचं दुकान होतं. शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या खोलीत बसून आम्ही दोघी बहिणी रद्दीच्या पिशव्या चिकटवायचो. मी चौदा वर्षांची, ती बारा. मी कागद दुमडायचे, ती खळ लावायची. तोंड चालायचं ते मात्र माझंच.

गोष्टीला निमित्त झालं ते एका सिनेमाचं. गावातल्या एका अडत्याकडं नातवाचं बारसं होतं आणि त्यासाठी सेलूहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. खोक्यावर हिंदी सिनेमाचं चित्र होतं, आत निघाली इंग्रजी कॅसेट. मोठी माणसं कंटाळून जेवायला उठली. आम्ही दोघी बसून राहिलो.

एक दाढीवाला माणूस आणि एक उंच बाई डोंगराच्या पोटातलं शहर शोधायला निघतात. बोलणं एक अक्षर कळत नव्हतं, पण कळायचं ते कळत होतं. शेवटी डोंगर हलतो, दगडी दार वरून खाली येतं. बाई आत राहते. तो बाहेरून दारावर मुठी आपटत राहतो आणि सिनेमा संपतो.

घरी येताना बहीण मुसमुसत होती.

"अक्का, ती बाई मरती का गं आत?"

"न्हाई," मी म्हटलं. "तिला आत विहीर सापडती."

का म्हटलं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी पिशव्या चिकटवताना तिनं विचारलं, "मग विहिरीचं पुढं काय झालं?" आणि मी सांगत गेले. विहिरीत पायऱ्या होत्या. खाली एक म्हातारा दिवे लावायचा. बाईनं त्याच्याकडून त्या शहराची भाषा शिकून घेतली. तिला बाहेर यायचं होतं, पण तिथल्या लोकांचे दिवे विझत चालले होते, म्हणून ती थांबली. दीड वर्ष हे चाललं. शाळेत मी कुणी खास नव्हते, बहीणच वर्गात पहिली यायची. पण त्या मागच्या खोलीत ती माझ्या तोंडाकडं बघत बसायची आणि हातातली खळ वाळून जायची.

मग मामा आले. मामा परभणीला नोकरीत होते. जेवताना आप्पांना म्हणाले, "धाकटीला आमच्याकडं पाठवा. पोरगी लय हुशार हाय, हितं वाया जाईल."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मामा अवघडून म्हणाले, "दोघींना ठेवून घ्यायला जागा न्हाई दाजी."

मी वाढत होते. वाढून झाल्यावर आत गेले आणि आईला म्हटलं, मला भूक न्हाई. बहीण जूनमध्ये गेली. मी एकटी कागद दुमडू लागले, खळही मीच लावू लागले.

दिवाळीला ती आली ती बदलून. केसांना नवी क्लिप, आणि बोलण्यात सारखी मामेबहीण. मामेबहीण असं म्हणते, मामेबहीण तसं करते. ही मामांची एकुलती मुलगी, माझ्या बहिणीच्याच वर्गात. मग दुसऱ्या दिवशी बहिणीनं ते सांगितलं. मामीच्या भावानं दुबईहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्यातली एक कॅसेट आपल्याच सिनेमाची होती. वर तोच दाढीवाला, तेच दार.

"आणि अक्का, सिनेमा जिथं संपला ना, तिथून गेम सुरू व्हतो. पुढचं सगळं हाय त्यात."

पुढचं तर माझ्याकडं होतं. आता ते दुबईहून आलं होतं, रंगीत होतं आणि खरं होतं. मी एवढंच म्हटलं, "असू दे." त्या दिवाळीत तिनं गोष्ट मागितली नाही आणि मी सांगितली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी परभणीला निघाले. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं, एसटी एक दिवस चालू, एक दिवस बंद. आई पाठवायला तयार नव्हती. मी हट्ट धरला. सगळ्यांना वाटलं बहिणीची आठवण येते. मला तो गेम पाहायचा होता. खरं सांगायचं तर तो वाईट निघावा असं मला वाटत होतं. शेवटी पंधरा दिवस उशिरा आप्पांनी सेलूहून पॅसेंजरमध्ये बसवून दिलं.

मामांच्या घरी दुपारी कूलर लावून त्या दोघी टीव्हीपुढं मांडी घालून बसत. एकीच्या हातात एक रिमोट, दुसरीच्या हातात दुसरा. रिमोट दोनच होते. मामी म्हणाल्या, "अगं, तिलाबी द्या की." मामेबहिणीनं दिला. माझा दाढीवाला पहिल्याच खड्ड्यात पडला, तीन वेळा. मी रिमोट परत केला.

पडद्यावर माणूस अंगठ्याएवढा. दाढी म्हणजे चार काळे ठिपके. तो पळायचा, उड्या मारायचा, वटवाघळं मारायचा. एक टप्पा पार झाला की पडदा काळा व्हायचा आणि इंग्रजी ओळी यायच्या. मामेबहीण लगेच म्हणायची, "वाच गं, पुढं काय झालं?" आणि माझी बहीण वाचायची.

"आता बाईला विहीर सापडली," ती म्हणाली. "विहिरीला पायऱ्या हायेत. खाली एक म्हातारा दिवे लावायलाय."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती माझ्याकडं बघत नव्हती.

मामेबहीण म्हणाली, "कसलं भारी लिहितात ना हे लोक."

माझं डोकं तापलं. "तिथं तसं काय बी लिहिलेलं न्हाई," मी म्हटलं. "विहीर कुठं हाय, दाखवा मला."

मामेबहिणीनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय. डब्ल्यू, ई, डबल एल. वेल म्हणजे विहीर. पाचवीत होतं की."

खरंच तिथं 'वेल' होतं. पुढं 'डन' असंही होतं, पण त्याचा अर्थ लावण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं. माझी गोष्ट माझ्यासमोर दुसऱ्याच्या नावावर चालली होती, तिचं कौतुक होत होतं, आणि ती माझी आहे हे मला सिद्ध करता येत नव्हतं.

मामी आणि मामेबहीण बाजारात गेल्यावर मी बहिणीला मोरीपाशी गाठलं.

"ती माझी गोष्ट हाय."

"तुझीच हाय," ती म्हणाली. "मला ते काय लिहिलंय कळत न्हाई अक्का. गेमचं इंग्रजी आपल्या पुस्तकासारखं नसतं. पण हितं सगळे मला हुशार समजतात. पहिल्या दिवशी तिनं वाच म्हटलं आणि मला न्हाई येत म्हणता आलं न्हाई. मग तू सांगायचीस ते आठवून आठवून सांगत गेले." मग म्हणाली, "आता संपत आलंय. पुढचं सांग ना."

मला सगळं पुढचं येत होतं. ती गेल्यापासून मी तिच्यासाठी किती साठवून ठेवलं होतं. ती समोर उभी होती, डोळ्यात पाणी होतं. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा एवढंच आलं की हिच्याकडं शाळा आहे, कूलर आहे, जोडीला बहीण आहे, आणि वर हिला हेही पाहिजे.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हटलं, आणि चौथ्याच दिवशी घरी परत आले.

भाद्रपदात मामांचं पत्र आलं. पोरगी गप्प गप्प असते, इंग्रजीत मागं पडली आहे, घराची आठवण काढते. आप्पांनी पत्र दुकानातच वाचून दाखवलं आणि मला विचारलं, "तू तिला वळखतीस. परत आणावं का?"

मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जितका वेळ लागायला हवा होता तितका लागला नाही.

"आणा," मी म्हटलं.

आप्पा रविवारी गेले. मी तिची उशी काढून उन्हात टाकली. मन चांगलं होतं असं म्हणणार नाही. ते गार झालं होतं. ती परत येणार, खळ लावणार, आणि आम्ही दोघी पुन्हा सारख्या होणार. संध्याकाळी आप्पा एकटेच आले.

"येत न्हाई म्हणली," ते धोतराची धूळ झटकत म्हणाले. "म्हणली, इंग्रजी शिकायलेय, शिकूनच येते. तिनं मामेबहिणीला आपणहून काय तरी खरं सांगितलं म्हणं. दोन दिवस बोलणं बंद व्हतं त्यांचं. आता दोघी मिळून एका मास्तराकडं जायल्यात." मग म्हणाले, "तुला इचारलं व्हतं हे मी तिला सांगितलं. तू आणा म्हणलीस तेबी."

मी उशी आत आणून ठेवली.

त्या दिवाळीला ती आली तेव्हा मी तिच्या नजरेला नजर देत नव्हते. ती मागच्या खोलीत येऊन बसली आणि पिशवीतून एक वही बाहेर काढली. गेममधल्या सगळ्या इंग्रजी ओळी तिनं एका पानावर उतरवल्या होत्या आणि समोरच्या पानावर मराठी अर्थ.

"शाब्बास. आता पुढच्या गुहेत जा. शाब्बास. शत्रू पळाला," तिनं वाचलं. "शेवटी त्याला सोन्याचा मुकुट मिळतो. संपलं. अक्का, त्यात ती बाईच न्हाई. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठंच न्हाई. तिला त्यांनी आतच सोडलं."

"मग मामेबहीण काय म्हणली?"

"म्हणली, तुझ्या अक्काचीच गोष्ट बरी व्हती."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, घोटभर. पण डोळे त्या वहीवरून हलेनात. डावीकडचं तिचं इंग्रजी अक्षर, एकसारखं, सरळ. ती ओळ वाचत होती आणि तिला ती कळत होती. सहा महिन्यांपूर्वी तिला येत नव्हतं आणि आता येत होतं, आणि मी अजून 'वेल'पाशीच होते. मला तिचा गेम नको होता, कूलर नको होता. मला ते पान वाचता यायला हवं होतं. इतका हेवा मला आधी कधी वाटला नव्हता.

भाऊबीजेच्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी तिला म्हटलं, "मला शिकव."

तिनं विचारलं नाही की आणा का म्हणालीस. वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "आधी वाच, मग अर्थ सांगते." मी वाचायला लागले, आणि पहिल्याच ओळीत अडखळले तेव्हा ती हसली. मला ते हसणं झोंबलं. तरी मी बोट ठेवून पुढचा शब्द वाचला.