तात्यांच्या एसीचा स्क्रू

एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, या धंद्यात फक्त गॅस भरायचा आणि फिल्टर धुवायचे. पण लोकांच्या थेट बेडरूमपर्यंत जाणारी परकी माणसं दोनच, एक डॉक्टर आणि दुसरे आम्ही! त्यामुळे फिल्टरवर धूळ साठावी तसे किस्से साठत जातात. धूळ निदान धुता तरी येते. किस्से कुणाला तरी सांगावेच लागतात.

दुकान रावेतमध्ये. चालवतो मी आणि माझा पार्टनर महादेव. लातूरकडचा गडी. हातात जादू आहे, पण तोंडाला ब्रेक नाही!

*

ज्ञानोबातात्या आमचे जुने गिऱ्हाईक. मूळ रावेत गावातलेच. तीस वर्षं फोर्जिंग कंपनीत, तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरच्या दणदणाटात काढली. रिटायर झाले, घरी शांतता मिळाली आणि तात्यांची झोप उडाली! मग त्यांनी एक लोखंडी कूलर आणला. तो असा खडखडायचा, की खालच्या मजल्यावरची भांडी हलायची. तात्या मात्र तान्ह्या बाळासारखे झोपायचे.

कूलर उन्हाळ्यात ठीक होता. पण तात्यांनी तो पावसाळ्यातही चालू ठेवला. आधीच हवा ओली, त्यात खिडक्या बंद आणि कूलरचं पाणी. भिंतींवर काळी बुरशी आली, गाद्यांना कुबट वास लागला आणि तात्यांच्या बायकोला, इंदूकाकूंना, दम लागायला लागला. उशीला टेकून बसून राहायच्या बिचाऱ्या. डॉक्टरांनी सांगितलं, "कूलर आधी घरातून बाहेर काढा. खोली कोरडी ठेवा."

तात्यांनी त्याच संध्याकाळी कूलर भंगारात दिला आणि आमच्याकडून एसी घेतला. महादेवने बसवताना छाती फुगवून सांगितलं, "तात्या, टाचणी पडली तरी ऐकू येतंय बघा!"

चौथ्या दिवशी तात्या दुकानात. डोळे लाल. "बंद हाय तुमचा एसी."

आम्ही धावत गेलो. खोली मस्त गार होती.

"तात्या, चालू आहे की!"

"गार हाय रं, पर चालू कुठं हाय? आवाजच न्हाई!"

*

मोशीच्या एका मावशींचा भर पावसात फोन आला, एसी गार करत नाही. आम्ही आत सगळं तपासलं, दोष सापडेना. शेवटी गॅलरीत गेलो. बाहेरच्या युनिटला मावशींनी ताडपत्री गुंडाळून वरून सुतळीने करकचून बांधलं होतं! गरम हवा बाहेर पडायला फट नाही. मशीन आत गुदमरून बंद पडत होतं.

मी विचारलं, "हे कशाला?"

मावशी म्हणाल्या, "एवढं महागाचं मशीन, पावसात भिजू देऊ?"

महादेव सुतळी सोडत म्हणाला, "मावशी, त्येचा जन्मच बाहीर ऱ्हायला झालाय. वॉचमनला कुणी घरात झोपवतंय का?"

मावशींनी मान डोलावली. पुढच्या वेळी गेलो तर ताडपत्री गेली होती. युनिटवर छत्री बांधलेली!

*

चाकणला एका कंपनीत पार्ट मोजायची खोली आहे. मोजमापाची यंत्रं नाजूक असतात, म्हणून तिथे एसी बारा महिने चालू. बाकी सगळ्या कारखान्यात पत्र्याचं छत आणि मोठे पंखे. त्यामुळे मे महिना आला, की प्रत्येक ऑपरेटरला आपल्या पार्टबद्दल शंका यायला लागते! जो तो हातात पार्ट घेऊन मोजमापाच्या खोलीच्या दारात उभा. "साहेब, जरा परत मोजता का? हळूहळू मोजा."

एका मेमध्ये तो एसी बंद पडला. आम्ही पोचलो, आजार कळला, तासाभराचं काम होतं. तिथले क्वालिटीचे साहेब घामाने निथळत बसले होते. मी म्हटलं, "साहेब, जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू करतो."

साहेबांनी दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, उद्यापर्यंत वेळ लावा ना. सकाळपासून एक माणूस आत आलेला नाही. वर्षाचं काम आज उरकतंय!"

*

आता निखिलची आई. निखिल आयटीतला पोरगा. घरात बाळ आलं म्हणून त्याने हवा शुद्ध करायचं मशीन आणलं. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल, आणि लाल झालं की मशीन जोरात घरघरतं. त्याची तक्रार अशी, की मशीन रोज सकाळी अकरा वाजता बिघडतं.

आम्ही अकराला जाऊन बसलो. स्वयंपाकघरात आईंनी मिरचीची फोडणी घातली. आम्हाला ठसका लागला आणि मशीन लालभडक होऊन घरघरायला लागलं!

निखिल म्हणाला, "आई, बघ, तुझ्या फोडणीने हवा खराब होते."

आई उलथनं घेऊनच बाहेर आल्या. "माझ्या फोडणीला लाल दिवा?" मी घाईघाईने त्यांना एक्झॉस्ट फॅन लावायला सांगितलं आणि आम्ही तिथून सटकलो.

महिन्याने सर्व्हिसला गेलो. आईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे, दिवा कुठला आहे?"

मी म्हटलं, "हिरवा."

"मग अजून दोन मिरच्या घालते!"

*

मधल्या काळात तात्यांच्या झोपेवर आमचे प्रयोग चालूच होते. महादेवने मोबाइलवर कूलरचा आवाज शोधून लावून दिला. तात्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि मोबाइल परत दिला. "खोटा हाय."

मी म्हटलं, "तात्या, जुना एखादा कूलर बघू का?"

तात्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरडी पडत होती. आत काकू धापा न टाकता कपडे घडी करत होत्या. तात्या म्हणाले, "नको. तिला आता श्वास घेता येतोय. मी जागा ऱ्हाईन. काय व्हतंय त्याला?"

मला फार वाईट वाटलं. एसीवाल्याने याच्यावर काय करायचं?

तीन महिन्यांनी पहिल्या सर्व्हिसला गेलो, तर भर दुपारी तात्या घोरत पडलेले! गॅलरीत जमिनीलगत बसवलेलं युनिट मात्र खडखडत होतं. बघितलं, तर वरच्या पत्र्याचा एक स्क्रू गायब. मी नवीन लावला. आवाज थांबला आणि आतून तात्या ओरडले, "आरं, काय बंद पाडलं?"

पुढच्या सर्व्हिसला तोच खडखडाट, तोच स्क्रू गायब. परत नवीन लावला.

तिसऱ्यांदाही तेच! महादेव म्हणाला, "राव, पाचव्या मजल्यावर येऊन एक स्क्रू कोण चोरालंय?" मला तात्यांचाच संशय आला. पण तात्यांचे गुडघे गेलेले. त्यांना खाली वाकणं शक्यच नव्हतं. आणि ते तर खुशीत सांगत होते, "नवं यंत्र व्हतं, रुळाय येळ लागतो. आता बघ, कसं बोलतंय!"

मी खिशातून नवीन स्क्रू काढला, तेवढ्यात काकूंनी मला चहाला म्हणून आत बोलावलं. त्यांनी मसाल्याचा डबा उघडला, मोहरीच्या वाटीमागून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तीन स्क्रू!

बाहेर तात्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात काकू म्हणाल्या, "हे घिऊन जा तुझं. आन् चौथा लावू नगंस बाबा. काढून काढून मनगट दुखतंय माझं!"