सगळी शाळा डोळे मिटते तेव्हा

दुसरीतली पोरं काय शिकतात विचारलं, तर लोक सांगतील, हातच्याची वजाबाकी, घड्याळ, जोडाक्षरं. आमच्या गावाजवळच्या मिशनच्या शाळेत मात्र त्याहून अवघड एक गोष्ट शिकवतात. पहिलीची पोरं सकाळची प्रार्थना बाईंच्या मागून म्हणतात. दुसरीत गेलं की एकेकानं पुढं उभं राहून, आपल्या शब्दांत, आपल्या मनानं देवाशी बोलायचं. पाठांतर नाही, कागद नाही. मोठ्या माणसाला घाम फुटेल, बरं का!

माझी नात त्या शाळेत. आम्ही काही ख्रिस्ती नाही, पण तिथं शिकवतात मन लावून, म्हणून घातली. मुलगा-सून ऊसतोडीला गेले की पोरगी माझ्यापाशी. हुशार, पण बोलताना शब्द अडायचा. शेळीशी बोलताना नाही हं, तिथं नुसती टकळी चालू! चार माणसं तोंडाकडं बघायला लागली की ओठ थरथरायचे आणि पहिलंच अक्षर निघता निघायचं नाही. पोरं चिडवायची, "स्टार्टर मार गं, स्टार्टर!" पहिलीत तर तिला मोठ्यानं वाचायला सांगणंच हळूहळू बंद झालं.

पुढं उभं राहायची तिची वेळ आली तशी बाईंनी मला बोलावून घेतलं. चांगल्या बाई, पोरांना जीव लावणाऱ्या.

"आजी, हिला यातून वगळू या का? उगाच हसतील पोरं."

"बाई, आज वगळली तर जन्माची वगळली जाईल. हसंनात का. उभी तर राहू द्या."

घरी येऊन पोरीला तसं सांगितलं. पोरगी फुगून बसली.

"त... तूच ये मग उद्या. तूच बोल देवाशी."

"येते की. पण तुझ्या शाळंतला देव मला कुठं वळखतोय?"

दुसऱ्या दिवशी पटांगणात लिंबाखाली जाऊन उभी राहिले. पोरं रांगेत, नात पायरीवर. बाई म्हणाल्या, "हात जोडा, डोळे मिटा." साऱ्या शाळेनं मिटले. मी कशाला मिटते? आमची सवय देवळातली. देव डोळे भरून बघायचा, त्यासाठी तर रांगेत ताटकळायचं! मी टक लावून पोरीच्या तोंडाकडं.

"हे प... प... प..."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. पोरीची नजर माझ्यावर. मी मनात म्हणतेय, बोल बाई, बोल, आणि आणखी डोळे फाडून बघतेय. मग एकदम डोक्यात उजेड पडला. अख्ख्या शाळेत तिच्या तोंडाकडं बघणारी मी एकटीच!

मी डोळे गच्च मिटले.

आणि काय सांगू तुम्हाला!

"हे प्रभू, आमच्या शेळीला दोन करडं झाली, थँक्यू. त्यातलं एक लंगडतंय, त्याचा पाय बरा कर. आई-पप्पा उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत ऱ्हात्यात, तिथं लई थंडी हाय, त्यांना ऊब दे. आजीचा गुडघा दुखतो, पण ती गोळी घेत न्हाई, तिला अक्कल दे. आणि मला स्टार्टर म्हणत्यात त्या पोरांची सगळी गणितं चुकू दे..."

बाई मोठ्यानं खाकरल्या.

"...आमेन!"

"आमेन!" सगळी शाळा गरजली. मी डोळे उघडले तर पोरगी ताठ उभी, आणि आता तिच्याकडं बघणारे शंभर डोळे. बाईंनी डोळे पुसले.

"शाब्बास! ये आता खाली, बाळा."

पोरगी हलायला तयार नाही. साऱ्यांच्या देखत, उघड्या डोळ्यांसमोर, तिनं तोंड उघडलं. एकदा अडली, पण मागं सरली नाही.

"थ... थांबा की बाई, माझं अजून राहिलंय. मिटा परत डोळे!"

मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत साऱ्यांनी मुकाट डोळे मिटले.