बाद विड्या
विडी कारखान्यात माल तपासणाऱ्या चेकरने एका तेलुगू बाईच्या निम्म्या विड्या बाद म्हणून बाजूला लोटल्या, तेव्हा तिच्या मांडीवरची पोरगी तापाने डोळे फिरवत होती. "दादा, औषध आणायचंय की," ती म्हणाली. "मग नीट वळायच्या," तो म्हणाला. विड्या नीटच होत्या. मी तिच्या शेजारीच बसून वळायची. बाद विड्यांची मजुरी नसे आणि कारखाना त्या परतही देत नसे. बहात्तरच्या दुष्काळात दुसरं काम कुठलं मिळणार? दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या चर्चमध्ये तोच चेकर मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा पंच, म्हणून बायबल वाचायला उभा राहिला. गरिबाला न्याय देतो त्यालाच देव कळतो, असं त्याने खणखणीत आवाजात वाचलं. माझी सासूही कारखान्यात विड्या वळायची; तिला अक्षर येत नव्हतं. ती पदर सावरून उठली. "दादा, तू वाचलंस ते मला कळलं. तुला कळलं का? तिच्या इड्या कुटं हायत?" उपासना चालवणारे पाळक म्हणाले, "बाई, उपासना चाललीय." "व्हय, म्हणून तर हितं इचारते," ती म्हणाली आणि चेकरने पुस्तक मिटेपर्यंत उभीच राहिली. दुपारी त्याने त्या बाईच्या दारात जाऊन मजुरी दिली. सोमवारी सासूच्या विड्या बाद झाल्या. तंबाखूचा वास आला की मला अजून आधी चर्चच आठवतं. पोरगी जगली.