दहा पोरांचं पान

आमच्यात माणसांचे प्रकार दोनच, कुरळे आणि सरळ. कुरळे म्हणजे आम्ही डोंगरातले, आएता जमातीचे. सरळ म्हणजे खालच्या गावातले सगळे, मग तो महापौर असो नाहीतर मासे विकणारा. केसांवरून माणूस ओळखायची आम्हाला लहानपणापासून सवय. त्यात कुणाचा अपमान नसतो, निदान आमच्या बाजूनं तरी.

देल्फिना माझी भावजय. लहानपणी ती खालच्या शाळेत गेली होती, जेमतेम दोन दिवस. मागच्या बाकावरची पोरं तिच्या केसांत पेन्सिली खोचत आणि पडत नाहीत म्हणून टाळ्या पिटत. बाई पण हसल्या. देल्फिना पेन्सिली डोक्यात घेऊनच डोंगर चढून आली, ती परत गेलीच नाही. आकडे यायचे राहिले ते राहिलेच. केळफुलं घेऊन बाजारात बसली की कुणीही तिला टोपी घालतं, हे तिला कळतं, पण कुठे घातली ते कळत नाही. म्हणून एकच हट्ट धरून बसली होती. मायलिन, तिची पोरगी, त्या शाळेत टिकली पाहिजे.

मागल्या उन्हाळ्यात मनिलाहून एक चित्रकार बाई आली. पोरांना आकडेमोड शिकवायची चित्रांची पुस्तकं काढायची होती तिला. "सगळ्या रंगांची पोरं हवीत पुस्तकात," म्हणाली. देल्फिनाकडं राहिली, रताळी खाल्ली, मायलिनचं चित्र काढलं. छान काढलं, खोटं कशाला बोलू? देल्फिना आठवडाभर जमिनीवर नव्हती. पुस्तक छापून आलं तेव्हा कळलं, सगळ्या रंगांची म्हणजे नऊ सरळ आणि एक आमची.

शाळेत ते पुस्तक उघडलं त्या दिवशी मी तिच्यासोबत होते. छोट्या वर्गाच्या आया बाहेर खिडकीशी बसून राहतात, तशा आम्हीही बसलो होतो. मॅम क्रिसान्तानं पुस्तक उंच धरलं. पानावर दहा पोरं एका रांगेत.

"मुलांनो, यातलं वेगळं कोण?"

नऊ जणांच्या हातात आंबा होता आणि एका गुबगुबीत पोराच्या हातात केळं. शोधायचं होतं ते एवढंच. माझ्यासारख्या अधू नजरेच्या बाईलाही खिडकीतून दिसलं. पण वर्गातल्या एकाचीही नजर फळावर गेली नाही.

"ती काळी!" सगळा वर्ग ओरडला.

"कुरळी, कुरळी!"

आणि सगळ्यांच्या आधी बोट वर होतं मायलिनचं. "मॅम, मी! वेगळी मीच!"

मॅमनं पान एकदा स्वतःकडं वळवून पाहिलं. "बरोबर," म्हणाली. "सगळ्यात आधी कुणी सांगितलं? मायलिननं. शाब्बास!" आणि तिच्या मनगटावर ताऱ्याचा शिक्का मारला. त्या बाईच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच तर डोक्यात जातं.

देल्फिना ताडकन उठली. मला वाटलं, आता आत घुसते आणि मॅमच्या झिंज्या धरते. मीही बाह्या सरसावून तयार. पण ती खिडकीशीच थांबली.

"जा ना, थांबलीस कशाला?" मी म्हटलं.

"अक्का, हसतेय गं पोर."

"मग?"

"मी त्या वर्गात कधी हसले नव्हते."

आणि खाली बसली. मला इतका राग आला तिचा, की परतीच्या वाटेवर मी तिला मागं टाकून पुढं चालत राहिले.

शाबासकी म्हणून पुस्तक त्या रात्रीपुरतं मायलिनला घरी न्यायला मिळालं होतं. दिवस मावळायच्या आत तिनं वस्तीतली पोरं गोळा केली, हातात काठी घेतली आणि तेच पान उघडलं.

"सांगा, यातलं वेगळं कोण?"

"केळीवाला!" पोरं एका सुरात ओरडली. आमची पोरं आधी खायचं बघतात.

"चूक! नीट बघा."

"अगं, केळंच आहे त्याच्याकडं. बाकीच्यांकडं आंबे."

"मठ्ठ आहात सगळे." मायलिननं काठी जमिनीवर आपटली आणि स्वतःच्या चित्रावर बोट ठेवलं. "ही. मॅमनी सांगितलंय."

माझा धाकटा इसिंग पुढं सरकला, चित्राकडं पाहिलं, मग बाजूच्या पोरांच्या डोक्यांकडं पाहिलं. "पण ही तर आपल्यासारखीच आहे."

"म्हणूनच तर," मायलिन म्हणाली. "आता परत. वेगळं कोण?"

या खेपेला सगळ्यांनी एकदम तिच्या चित्रावर बोट ठेवलं. इसिंगनंही.

देल्फिना चुलीपुढं बसली होती. तिनं पोरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"शिकली गं माझी पोर," म्हणाली, आणि तोंडात झग्याचं टोक कोंबून रडायला लागली.