मागच्या चाकांचा दोष

नोव्हेंबर लागला की लीड्सच्या मूरटाउन भागातली हौशी मंडळी आपापल्या उघड्या टपाच्या गाड्या गॅरेजमध्ये लोटत, वर कव्हर चढवत आणि मार्चपर्यंत त्यांचं नाव काढत नसत. अब्राहम झिराडकरांचं सगळं उलट. ते त्याच सुमारास हिवाळी टायर बसवून आणत, डिकीत वाळूच्या पिशव्या बरोबर मागच्या चाकांवर भार येईल अशा रचत आणि गाडी धुऊनपुसून रस्त्यावर काढत. गाडी गडद हिरवी, जपानी, दोनच सीटची, जमिनीला टेकेल इतकी बसकी. इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना. बर्फात अशी गाडी चालवावी की चालवू नये, यावर गल्लीतल्या प्रत्येकानं त्यांना एकदा तरी फुकट सल्ला देऊन झाला होता.

"मिस्टर झेड, बर्फावर गाडी पुढून ओढावी लागते, मागून ढकलून चालत नाही," समोरचा म्हातारा पोस्टमन कुत्र्याला फिरवता फिरवता ऐकवायचा.

"दोष चाकांचा नसतो हो, पायाचा असतो," अब्राहम म्हणायचे. "ॲक्सिलरेटरवर पाय हलका हवा, बस."

उभं आयुष्य शाळेत फिजिक्स शिकवलेला माणूस. त्याच्याशी घर्षणावर वाद कोण घालणार? आणि खरं सांगायचं तर गाडीनं त्यांना कधी तोंडघशी पाडलंही नव्हतं. चढावर शेजाऱ्यांच्या मोठ्या गाड्या घुर्र घुर्र करत अडकून पडायच्या, आणि ही हिरवी बया मांजरीसारखी पावलं टाकत वर जायची.

अब्राहम मूळचे अलिबागजवळच्या झिराडचे. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातले. त्यांची थोरली बहीण जेमिमा नर्स होऊन लीड्सच्या इस्पितळात आली, आणि स्थिरस्थावर झाल्यावर तिनं धाकट्या भावाला बोलावून घेतलं. त्याला पहिला ओव्हरकोट तिनं घेतला, पहिल्या इंटरव्ह्यूला टाय तिनं बांधला, लग्नात आईच्या जागी तीच उभी राहिली. स्वतः तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एक अब्या सांभाळला, तेवढं पुरे झालं."

अब्राहमांची बायको गेली, मुलगी हदार लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, शाळा सुटली. आयुष्यभर वह्यांचे गठ्ठे आणि पोरीची सायकल वाहणारी चौकोनी गाडी हाकलेल्या माणसानं निवृत्तीनंतर ही हिरवी गाडी घेतली, तेव्हा हदारनं कपाळाला हात लावला. जेमिमाताई मात्र टाळ्या पिटत बाहेर आली होती.

पुढे ताईच्या कमरेचं हाड मोडलं आणि ती एका केअर होममध्ये राहायला गेली. लीड्सहून हॅरोगेटला जाताना हेअरवुड गाव लागतं. तिथून रस्ता एकदम खाली नदीकडे उतरतो, वळणावळणाचा, भिंतीला खेटून. त्या उताराच्या पलीकडे तिचं होम. दर शुक्रवारी दुपारी अब्राहम तिला आणायला जात. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लागला की गाडीची किल्ली खणात, ती शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत बाहेर यायची नाही. म्हणून ताई रविवारपर्यंत भावाकडेच राही. हिवाळ्यात इथे चारच्या आत सूर्य बुडतो, त्यामुळे दुपारचं जेवण जेमतेम गिळून त्यांची पळापळ सुरू होई.

ताईला त्या गाडीत बसवणं हा एक सोहळाच होता. सीट इतकी खाली की ती दोन्ही हातांनी दार धरून, पाठ करून, मग धपकन आत पडायची.

"विहिरीत सोडल्यासारखं वाटतं रे अब्या."

"उतरताना पोहरा टाकून काढतो की तुला."

"मागच्या खेपेला काढलंस तेव्हा माझी चप्पल तळाशीच राहिली होती."

मग वाटेत गप्पा. झिराडच्या मावश्या, कोण कुणाशी बोलत नव्हतं आणि का, इस्पितळातली खडूस मेट्रन, धर्मानं कोलंबीला बंदी म्हणून शेजारच्यांच्या घरून येणाऱ्या वासावर मानलेलं समाधान. अख्ख्या आठवड्यात अब्राहमांच्या तोंडून मराठी बाहेर पडायची ती एवढीच. हदारला समजायचं सगळं, पण बोलताना तिची फार ओढाताण व्हायची.

"बाबा, तुमचा हा गाडी स्नोमध्ये सेफ नाही आहे," ती म्हणायची.

"ही गाडी."

"ही गाडी, हा गाडी, व्हॉटेव्हर! आत्याची हिप एकदा ब्रेक झाली आहे. रस्त्यात स्किड झालं तर तिला कोण उचलणार? प्लीज, एक छोटी फ्रंट-व्हील गाडी घ्या ना. नॉर्मल लोक घेतात तशी."

"नॉर्मल लोक चाकांना दोष देतात," अब्राहम म्हणायचे आणि चहा ओतायला उठायचे.

त्या जानेवारीतल्या शुक्रवारी सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. अब्राहमांनी मटण नारळाच्या दुधात शिजायला टाकलं, काचा खरवडल्या, नेहमीसारखे निघाले. हेअरवुडपर्यंत काही म्हणता काही झालं नाही. उतार सुरू होण्याच्या जरा आधी एका वळणावर गाडीची मागची बाजू हलकेच बाहेर सरकली. त्यांनी पाय उचलला, स्टिअरिंग त्याच अंगाला थोडं वळवलं, गाडी पुन्हा सरळ. पुस्तकात द्यावं इतकं बिनचूक. इतक्या हिवाळ्यांत हे किती वेळा झालं असेल.

पण या वेळी त्यांचा उजवा पाय थरथरायला लागला, आणि थांबेना.

त्यांनी गाडी कडेला घेतली. समोर रस्ता खाली जात होता, पांढरा, मध्ये दोन काळ्या चाकोऱ्या. पोस्टाची एक व्हॅन त्यांच्या बाजूनं आरामात उतरून गेली. अब्राहमांच्या डोळ्यांसमोर परतीची वाट आली. हाच चढ, शेजारच्या सीटवर ताई, मांडीवर पर्स घट्ट धरलेली, काहीतरी सांगत असलेली. आणि गाडी भिंतीकडे सरकते आहे. कितीही मनाला समजावलं तरी चित्र हलेना. एवढ्या वर्षांत रस्त्याची भीती म्हणून कधी वाटली नव्हती. आता ती आली ती थेट पायात येऊन बसली.

त्यांनी फोन लावला.

"निघालास का रे? मी कोट घालून दारात बसलेय," ताई म्हणाली.

"ताई, नाही जमायचं आज. गाडी घरातून बाहेरच निघेना. मागची चाकं नुसती जागच्या जागी फिरताहेत."

किती सहज आलं तोंडातून! सगळ्यांनी मिळून ते वाक्य कधीचं तयार करून ठेवलं होतं. त्यांनी फक्त उचललं.

"अगंबाई. म्हणजे हदार म्हणते ते खरंच का?"

"खरंच म्हणायचं. बर्फात नाही कामाची ही गाडी."

"असू दे, असू दे. तू नको जिवाला लावून घेऊस. मी कोट काढते."

परत येताना मूरटाउनचा चढ गाडी एकदाही न घसरता चढली. त्या दिवशी घसरली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

रविवारी हदार आली ती बापाच्या गळ्यातच पडली. आत्यानं तिला सगळं सांगितलं होतं. "बाबा, मला माहीत आहे तुम्हाला किती आवडते ती गाडी. तरी तुम्ही स्वतः म्हणालात. आय ॲम सो प्राउड."

त्या क्षणी सांगता आलं असतं. पोरगी हसली नसती, रागावली नसती. पण फिजिक्सच्या मास्तरानं टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, पेन्सिल घेतली आणि समासात चढ काढला, चढावर गाडी, वजनाचे बाण, घर्षणाचे बाण. पुढे इंजिन जड, मागचा भाग हलका, मग मागच्या चाकांना पकड मिळणार कुठून? हदार मान डोलावत राहिली. एकूणएक बाण बरोबर होता. डिकीतल्या वाळूच्या पिशव्या तेवढ्या त्यांनी चित्रात दाखवल्या नाहीत.

त्यानंतर गोष्ट त्यांच्या हातात राहिली नाही. हदारच्या नवऱ्यानं जाहिरात टाकली, हडर्सफील्डहून एक बाई येऊन गाडी बघून गेली, पुन्हा आली आणि घेऊन गेली. जाताना तिनं विचारलं, "बर्फात कशी चालते?" हदार शेजारीच उभी होती. अब्राहम म्हणाले, "बर्फात शक्यतो काढू नका." गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा ते कचऱ्याचा डबा उगाच इकडून तिकडे सरकवत होते.

नवी गाडी करड्या रंगाची. पुढची चाकं ओढणारी, गरम होणाऱ्या आणि खुर्चीइतक्या उंच सीटची. ताई तीत आधाराशिवाय बसे, आधाराशिवाय उतरे. पहिल्या दिवशी बसली आणि भावाचा हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्यासाठी केलंस ना रे हे?"

अब्राहमांनी पट्टा लावला. ताईनं त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या मनासारखा लावून घेतला.

वर्ष गेलं. पुढच्या जानेवारीत पुन्हा शुक्रवारी बर्फ. अब्राहम हेअरवुडपर्यंत गेले. त्याच जागी थांबले. गाडी कुठेही घसरली नव्हती, डॅशबोर्डवर बर्फाचा दिवा शहाण्यासारखा लुकलुकत होता, आणि पाय तसाच थरथरत होता. ते वळून घरी आले, स्वयंपाकघरात उभे राहिले आणि फोन लावला.

"ताई, आज नाही जमणार गं."

"का? आता या गाडीला काय झालं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती. आणि अब्राहमांजवळ आता दुसरी चाकं उरली नव्हती.

"गाडीला काही झालेलं नाही. मीच भ्यालो."

"अरे!"

"तो उतार दिसला की पायाला कापरं भरतं. तू शेजारी बसली असशील असं मनात येतं आणि मग पुढे जाववत नाही."

"एवढंच ना? अरे, वय झालं आपलं. मी नाही का लिफ्टला घाबरत? त्यात लाजायचं काय?"

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबवेना.

"मागच्या वर्षीही हेच झालं होतं, ताई."

"मागच्या वर्षी तर गाडी घराबाहेरच निघाली नव्हती."

"निघाली होती. हेअरवुडपर्यंत आलो होतो. चांगली चालत होती. मी तुला खोटं सांगितलं."

पलीकडे टीव्ही चालल्याचा आवाज येत राहिला.

"म्हणजे गाडी तू माझ्यासाठी नाही विकलीस."

"नाही."

"मी इथं सगळ्यांना सांगितलंय रे अब्या. त्या मार्गारेटला तर येता-जाता ऐकवते. तिचा मुलगा महिना-महिना फिरकत नाही. मी म्हणते, माझ्या भावानं माझ्या कमरेपायी जिवाची गाडी विकली."

अब्राहम गॅसकडे बघत उभे राहिले. पातेल्यात दोघांपुरतं मटण होतं.

"तेव्हाच सांगितलं असतंस तर मी काय म्हटलं असतं?" ताई म्हणाली. "म्हटलं असतं, थंडीत नको येऊस, फोनवर बोलू. गाडी ठेव. एप्रिलात टप उघडून ने मला. मला आवडायचं रे त्या विहिरीत बसायला."

"चुकलंच माझं."

"चुकलंच." ताई म्हणाली, "ठेवते आता. अंधार होत आला, दिवा लावायचाय."

होममध्ये ज्योत लावू देत नाहीत. तिचा दिवा बॅटरीचा होता.

रविवारी रस्ते मोकळे झाले, तसे अब्राहम तिला भेटायला गेले. म्हटलं, निदान दुपारचं जेवायला तरी घरी आणू. ताई कोट घालून खाली बसली होती, शेजारी व्हीलचेअरमध्ये मार्गारेट. अब्राहमांना बघून मार्गारेटनं हात पुढे केला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. "तुमच्यासारखा भाऊ सगळ्यांना मिळत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "बहिणीसाठी स्वतःची गाडी विकणारा."

अब्राहमांनी ताईकडे पाहिलं. ती कोटाचं वरचं बटण लावत होती, खाली मान घालून.

"तिला काही सांगायचं नाही," ती मराठीत म्हणाली. "चल."

मार्गारेट अजून त्यांच्याकडे बघून हसत होती. अब्राहमांनी मान हलवली, थँक यू म्हटलं आणि ताईला उठवायला हात पुढे केला. तो न धरता ती खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन आपली आपण उठली आणि पुढे चालायला लागली.