पुतळाबाईने विचारलेले प्रश्न

नेरूळच्या जुन्या गावठाणात लग्न ठरलं की मुलाचा बाप आधी पुतळाबाईच्या ओट्यावर येऊन बसायचा. मांडववाला, बँडवाला, जेवणाचा आचारी, सगळे नंतर. पुतळाबाई धवलारीन होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणत एकेक विधी लावणारी जी बाई, तिला धवलारीन म्हणतात. तिने सूर लावल्याशिवाय हळदीचं भांडं कोणी उचलत नाही.

हे सगळं तिला सासूने, सुंदराबाईने शिकवलं. शेतात लावणी करता करता शिकवलं, कारण दोघींनाही अक्षरओळख नव्हती. पुढे शेतं नव्या शहरात गेली, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, सासूही गेली. पण तासन् तास चालणारे धवले पुतळाबाईच्या डोक्यात ओळीने ओळ जागच्या जागी होते. धाकटी जाऊ काशी तिच्या मागे ओळ झेलायची, म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणायची. ऐरोलीपासून करंजाड्यापर्यंत ही जोडी ठाऊक नाही असं आगऱ्यांचं घर नव्हतं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. पुतळाबाईला चव्वेचाळिसावं लागलं आणि पाळीने ताळतंत्र सोडलं. आधी चारचे सहा दिवस झाले, मग दहा. रक्त इतकं जायचं की सकाळी नेसलेलं लुगडं दुपारी बदलावं लागे. चौदा दिवस जात राहिलं, आठवडाभर थांबलं, पुन्हा सुरू, असंही होऊ लागलं. जिना चढताना धाप लागे, पाट्यावर मसाला वाटताना डोळ्यांपुढे काळं येई.

त्यात तिचा धंदाच असा, की पाळीच्या दिवसांत मांडवात शिरायचं नाही. आजवर तारखा सांभाळून तिने निभावलं होतं. अडचण आलीच तर काशी पुढे व्हायची. आता महिन्यातले अर्धे दिवस अडचणीचेच. एका मोसमात तिच्या हातून पाच लग्नं सुटली. पाचही घरांना तिने ‘ताप हाय’ असं कळवलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि ते खोटंच तिला अंगातल्या अशक्तपणापेक्षा जास्त टोचायला लागलं.

शेवटी तिने स्वतःशीच एक विचार केला आणि तो काशीला सांगितला.

“चार दिवस पाळी. ती मी पाळते, सासू पाळायची तशी. पाचव्या दिवसापासून जातंय त्या आजाराचं रगत. पाय कापला तर मांडवात जात नाय काय आपन?”

काशी घाबरली. “लोकांना कलला तर?”

“कलला तर म्हंजे? मीच सांगनार हाय.”

आणि तिने खरंच सांगितलं. लग्नाचं आमंत्रण घेऊन जो येईल त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला ती आत बोलवायची आणि सरळ बोलायची: मला असा असा आजार आहे, चार दिवसांच्या वरचं मी पाळत नाही, तुमच्या मनाला पटत असेल तर मी येते, नसेल तर काशी येईल आणि माझा राग नाही. गावात असलं बोलणं तोपर्यंत कुजबुजीत चालायचं, तेही पदराआड. काही घरांनी काशीलाच बोलावलं. दिवाळे गावातली एक म्हातारी मात्र म्हणाली, “माझाबी असाच जायचा दोन वरसं. मी कोनाला बोलले नाय. तू ये.”

मांडवाचा प्रश्न असा थोडाफार सुटला. अंगातलं रक्त जायचं ते जातच होतं.

नवरा गोटीराम मुकाट्याचा माणूस. शेती गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला होता. बायकोला घाम फुटून ती चुलीपुढे बसून राहिलेली त्याने दोनदा पाहिली आणि तिसऱ्या दिवशी रिक्षा आणून दारात उभी केली. मोठ्या रस्त्यावरच्या एका नर्सिंग होममध्ये सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहाच्या जेमतेम वर निघालं. पिशवीला एक गाठ होती, लिंबाएवढी. तिथल्या डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं, “मुलं झालीत ना? मग पिशवीचं काम संपलं. काढून टाकू. गुरुवारी बेड रिकामा आहे.”

“दुसरं काय नाय का?” पुतळाबाईने विचारलं.

“दुसरं कशाला?”

बाहेर येताना गोटीराम म्हणाला, “डाक्तर सांगतोय तर काढ. एकदाचा सुटशील.”

“माझे प्वाटातली वस्तू हाय,” ती म्हणाली. “नारल पारायचा हाय काय, का गुरुवार आला की पारला?”

तो गुरुवार तिने जाऊ दिला. त्या आठवड्यात तिने जे केलं ते गावात कोणी केलं नव्हतं. पिशवी काढलेल्या बाया तिने शोधून काढल्या. एकट्या गावठाणात पाच निघाल्या, आणि त्या पाच जणींना एकमेकींचं धड माहीत नव्हतं. रोज दुपारी ती एकीकडे जाऊन बसायची. एक म्हणाली, माझं आयुष्य परत मिळालं, आधी का नाही केलं असं वाटतं. दुसरी म्हणाली, चांगलं झालं, पण वर्षभर ओझं उचलता आलं नाही. तिसरी, पुतळाबाईची लहानपणची मैत्रीण, चाळिशीच्या आतच काढून बसली होती. तेव्हापासून अंगातून आगीच्या लाटा उठतात, झोप येत नाही, सांधे दुखतात. पिशवीबरोबर आणखी काय काढलं ते तिला ठाऊकच नव्हतं. विचारलं नव्हतं, आणि कोणी सांगितलं नव्हतं.

ती मैत्रीण रडली. पुतळाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. घरी परतताना तिचं डोकं भराभर चाललं होतं. काय विचारायचं ते आता तिला कळलं होतं. लिहून ठेवायची सोय नव्हती. लेक सोनल बारावीला होती, तिला लिहायला सांगता आलं असतं. पण पुतळाबाईला स्वतःच्या डोक्यात ठेवलेल्याचीच खात्री वाटे. तिने प्रश्न धवल्याच्या चालीवर बसवले. भांडी घासता घासता ती ते गुणगुणायची. सोनलने एकदा कान देऊन ऐकलं आणि विचारलं, “आये, हे कोणाच्या लग्नाचं?”

“माझे.”

पनवेलला डॉक्टर शमीम यांचा दवाखाना होता. उरणकडच्या कोकणी मुसलमान घरातली बाई, पन्नाशीची, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं रोखठोक. दिवाळे गावच्या त्याच म्हातारीने तिचं नाव सांगितलं होतं. तपासून झाल्यावर डॉक्टरीण हात धुवायला वळली, तेव्हा पुतळाबाई म्हणाली, “मना सात गोष्टी विचारायच्या हायेत. म्हनून दाखवली तर चालंल? नुसता बोलायला गेले तर एखादी सुटंल.”

गोटीराम खाली बघायला लागला. डॉक्टरीण खुर्चीत बसली. “म्हणा.”

आणि त्या फिनेलच्या वासाच्या खोलीत पुतळाबाईने हळू आवाजात सुरू केलं. हा वाईट रोग तर नाही, आणि नाही हे कापल्याविना कसं कळेल. कापायचं नसेल तर दुसरे रस्ते कोणते. औषध घेतलं तर रक्त किती कमी होईल. ते औषध अंगाला दुसरं काय करील. काहीच केलं नाही तर काय होईल. पिशवी काढलीच तर बरोबर काय काढणार आणि काय ठेवणार. शेवटचा प्रश्न होता: पोटातून आवाज काढायला किती महिने लागतील.

कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला होता. डॉक्टरणीने त्याला हातानेच जायला सांगितलं.

“वीस वर्षं झाली मला प्रॅक्टिसला,” ती म्हणाली. “इतकं नीट कोणी विचारलं नाही. आता एकेकाचं उत्तर देते. घाई नाही.”

तिने कागदावर पिशवीचं चित्र काढलं. आतलं अस्तर थोडं खरवडून तपासायला पाठवू, म्हणजे वाईट काही आहे का ते कळेल; हे आधी, बाकी सगळं त्यानंतर. चांगलं निघालं तर गोळ्या आहेत. काही गोळ्या फक्त रक्त जायच्या दिवसांत घ्यायच्या, त्याने ते कमी होतं. काही हार्मोनच्या, महिन्यातले ठरावीक दिवस. त्यांनी पाळी ताळ्यावर येते, पण कुणाकुणाला मळमळतं, अंग फुगतं, मन उदास होतं. गाठ आहे, त्यामुळे गोळ्या पुरतील याची खात्री देत नाही. थांबायचं म्हटलं तर तुमचं वय पाहता तीनचार वर्षांत पाळी आपोआप जाईल, गाठही सुकेल; पण तोपर्यंत असंच रक्त गेलं तर हृदयावर ताण येईल, म्हणून नुसतं बसून राहायचं नाही. आणि ऑपरेशन हा पक्का इलाज आहे, पण मोठा आहे. परत फिरता येत नाही. पिशवीच्या दोन बाजूंना बोराएवढे अंडाशय असतात, ते चांगले असतील तर तुमच्या वयात मी ठेवते. आवाजाला तीन महिने धरा.

“तुमी काय कराल?” पुतळाबाईने विचारलं.

“मी धवले म्हणत नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही. पण आज इतक्या कमी रक्तावर मी कोणालाही टेबलावर घेणार नाही. आधी लोहाच्या गोळ्या.”

निघताना पुतळाबाईने चार दिवसांची आणि पाचव्या दिवसाची गोष्टही तिला सांगितली. आपण चुकलो का, हे तिला कोणाला तरी विचारायचंच होतं.

डॉक्टरणीने चष्मा काढला. “आमच्यातही तसंच मानतात. नेहमीच्या दिवसांत नमाज नाही. पण त्यापुढे लांबत गेलं की ते आजारपण, त्यात नमाज सुटत नाही. माझी आजी सगळ्या मोहल्ल्याला हे समजावायची. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोनी नाय. मीच बोलले.”

तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. पुतळाबाईने दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या घेऊन बघायचं ठरवलं. मोसम तोंडावर होता, तो तिला गाऊन काढायचा होता. घरात तिने आपला बेत सांगितला: गोळ्यांनी भागलं तर उत्तम, नाही भागलं तर पुढच्या आषाढात ऑपरेशन, कारण आषाढापासून कार्तिकापर्यंत लग्नं नसतात. गोटीरामने मान डोलावली. त्या दिवसांत तो ड्यूटीवरून आला की विहिरीवर जाऊन तिची लुगडी स्वतः धुवायचा. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्याने एकदाही मान वर करून पाहिलं नाही, आणि आठवडाभराने हसणं आपोआप थांबलं.

गोळ्यांनी ते साल तारून नेलं. रक्त निम्म्याने कमी झालं, हिमोग्लोबिन वर सरकत अकराला पोचलं. पण मळमळ सुटली नाही, आणि एरवी कधी चिडचिड न करणारी पुतळाबाई काशीवर दोनदा मांडवात डाफरली, मग मागच्या दारी जाऊन तिची माफीही मागून आली. शिमग्यानंतर पुन्हा बांध फुटला. सोनोग्राफीत गाठ मोसंबीएवढी झालेली दिसली.

“आता?” डॉक्टरणीने विचारलं.

“आता काढा,” पुतळाबाई म्हणाली. “मी सगला करून बघितला. ती दोन बोरां ठेवा.”

गोटीरामला नवल वाटलं. वर्षभरापूर्वी याच गोष्टीला ती नाही म्हणाली होती. रिक्षात त्याने तसं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “तवा ते सांगत व्हते. आता मी सांगतंय.”

आषाढात पनवेलला ऑपरेशन झालं. नीट झालं, तरी पहिले चार दिवस वाईट गेले. खोकला आला की टाके फाटतील असं वाटे आणि एका संध्याकाळी तिला उगाचच रडू फुटलं. काशी उशाशी बसून होती. तिने हात धरून ठेवला. दहाव्या दिवशी घरी आल्यावर पुतळाबाईने एक हंडासुद्धा उचलला नाही. सगळ्यांना वाटलं होतं ही काही ऐकायची नाही, पण तिने डॉक्टरणीचं सांगणं अक्षरशः पाळलं. भाद्रपदात ती ओट्यावर बसून नुसते सूर धरायला लागली, आधी श्वासाएवढेच. पोटाला हात लावून बघायची, कुठवर दुखतं, कुठून दुखत नाही. जुनी वरची पट्टी काही परत येईना. तिने ती सोडून दिली आणि सगळे धवले एक सूर खाली आणून पुन्हा बसवले. काशीलाही नव्याने शिकावं लागलं.

तुळशीचं लग्न झालं आणि करंजाड्याहून पहिलं आमंत्रण आलं. त्या घराने दोन वर्षांपूर्वी तिला नको म्हणून काशीला नेलं होतं. पुतळाबाईने त्याचा शब्दही काढला नाही. हळदीच्या सकाळी ती मांडवात पाटावर बसली आणि खालच्या सुरात तिने सुरुवात केली. आवाज जाडसर झाला होता, सावकाश चालत होता. नवऱ्या मुलाची आजी काशीच्या कानाशी वाकली. “ही सासूसारखी, सुंदराबायसारखी गायला लागली.”

काशीने ओळ झेलायची होती, म्हणून तिने नुसती मान हलवली.