एक ते चार कन्सोल बंद

नववीत शाळा सोडून मी गोंदियाहून पुण्यात आलो. धायरीत ज्यांच्याकडे खोली घेतली, त्या काकूंना मी एकदा म्हणालो, कॉम्प्युटर शिकायचाय, पण घ्यायची ऐपत नाही. त्यांनी लेकीचा जुना गेम कन्सोल माझ्या हातात ठेवला. लेक परदेशात असते. "वापर, पण तिचे गेम पुसू नकोस हं. सुट्टीला आली की आधी तेच उघडते."

कन्सोलवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम चालवून त्याचा कॉम्प्युटर करता येतो, हे मी मोबाइलवर बघून ठेवलं होतं. रविवारी हॉलमधल्या टीव्हीला तो जोडला आणि त्यात खोचलेल्या मेमरी कार्डवर लिनक्स घालायला सुरुवात केली. पडद्यावर अक्षरं धावू लागली आणि एकदम पडदा काळा झाला. वळून पाहिलं तर काकूंचे यजमान, काका, भिंतीवरच्या बटणापाशी उभे.

"काका, बंद का केलं?"

"एक वाजला. एक ते चार या घरात माणसंही बंद असतात."

तीन तास मी खोलीत बसून, गेम पुसले गेले असतील तर काकूंना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. चारला काकांनीच बटण दाबलं. कार्ड काढून मी कन्सोल लावला, तर लेकीचे सगळे गेम जागच्या जागी! जे काही अर्धवट राहिलं, ते कार्डावरच. कन्सोलच्या आतल्या कशाला हातच लागला नव्हता. हे मला ठाऊक होतं, पण भीतीपोटी आठवलंच नाही.

"घाला ते कार्ड परत," काका म्हणाले. "उद्या एकपर्यंत वेळ आहे तुम्हाला."